रविवारचे मटण आणि ‘चीट डे’: वजन कशाने घटते, कशाने अडते?

‘चीट डे’ हा शब्द आता आपल्या वस्तीतही रुळला आहे. सोमवार ते शनिवार पथ्य पाळायचे आणि रविवारी मनाला येईल ते, मनाला येईल तितके खायचे. जिममध्ये जाणारी मुले हे सांगतात, मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात आणि बाळंतपणानंतर वाढलेले वजन कमी करू पाहणाऱ्या भगिनीही आम्हाला विचारतात: आठवड्यातून एक दिवस असे खाल्ले तर वजन कमी व्हायला मदत होते, की सहा दिवसांची मेहनत पाण्यात जाते?

थोडक्यात उत्तर असे: आठवड्यातून एक आवडीचे जेवण चालते, आणि अनेकांना त्याची मदतही होते. पण अख्खा दिवस मोकळा सोडला तर बहुतेकांचे वजन जागच्या जागी राहते. असे का होते, ते या लेखात पाहू.

आधी हे पाहा: वजन कमी करायची गरज आहे का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटात जवळपास चारपैकी एका स्त्रीचे आणि चारपैकी एका पुरुषाचे वजन जास्त आहे. त्याच सर्वेक्षणात पाचपैकी एक स्त्री मात्र गरजेपेक्षा कमी वजनाची निघाली. म्हणजे एकाच चाळीत एका दारी मधुमेह आणि शेजारच्या दारी अशक्तपणा, अशी स्थिती आहे. म्हणून शेजारणीने सुरू केले म्हणून आपणही पथ्य सुरू करू नये.

शिंप्याची मोजपट्टी घ्या आणि श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. आपल्याकडच्या माणसांसाठी स्त्रियांचा घेर ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटर (साडेपस्तीस इंच) यापेक्षा जास्त असेल तर तो धोक्याचा इशारा समजतात. वजन आणि उंची यांचा मेळही पाहावा. १६० सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फूट उंचीच्या माणसाचे वजन ५९ किलोच्या पुढे गेले की जास्त आणि ६४ किलोच्या पुढे गेले की लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्यासाठी ही मर्यादा खाली ठेवली आहे, कारण आपल्या शरीरात चरबी पोटाभोवती लवकर साठते आणि कमी वजनातही साखर व रक्तदाब वाढतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, तसेच वाढत्या वयाची मुले यांनी वजन घटवण्याचे पथ्य स्वतःच्या मनाने करू नये.

एका आठवड्याचा हिशेब

किराणा दुकानाची वही कशी असते, तसाच शरीराचा हिशेब असतो. अन्नातली ऊर्जा कॅलरीत मोजतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. समजा एखाद्या भावाने रोज ४०० कॅलरी कमी केल्या. हे अवघड नाही. दिवसभराच्या चहातली चार चमचे साखर (८०), मूठभर फरसाण (१५०), भाजीतले एक मोठा चमचा तेल (१२०) आणि दोन-तीन घास भात (५०) एवढे कमी केले की झाले. सहा दिवसांत २४०० कॅलरी वाचल्या.

आता रविवार आला. रोजच्या जेवणाशिवाय जादा काय गेले ते लिहू. सकाळी दोन वडापाव, ६००. दुपारी मटणाच्या रश्श्यावरचा दोन मोठे चमचे तवंग आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात, ४५०. जेवणासोबत ६०० मिलिलिटर थंड पेय, २६०. संध्याकाळी टीव्हीसमोर १०० ग्रॅम फरसाण, ५५०. रात्री १०० ग्रॅम जिलेबी, ३५०. बेरीज २२१०. आकडे अंदाजे आहेत, हात सैल-आखूड असेल तसे ते थोडे बदलतील. पण वहीत शिल्लक उरली १९० कॅलरी, म्हणजे फक्त २५ ग्रॅम चरबी! सहा दिवस मन मारून हाती आले एवढेच.

हाच भाऊ रविवारी फक्त दुपारचे जेवण आवडीचे करील, त्यात ६०० कॅलरी जादा जातील आणि बाकी दिवस नेहमीसारखा ठेवील, तर शिल्लक १८०० उरते. आठवड्याला साधारण २३५ ग्रॅम, महिन्याला एक किलोच्या आसपास. घरात मटणही शिजले आणि वजनही उतरले.

‘एक दिवस भरपूर खाल्ले की चरबी जास्त जळते’ हे खरे का?

व्हिडिओंमधून हा दावा फार केला जातो. कमी खाल्ले की शरीर काटकसर करू लागते, म्हणून मधूनच भरपूर खाऊन त्याला जागे करायचे, असा तो युक्तिवाद. त्यात थोडे तथ्य आहे. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक निघते. पोट भरल्याची खबर ते मेंदूला देते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात निरोगी स्त्रियांना तीन दिवस ४० टक्के जादा अन्न दिले. जादा अन्न भात-पावासारख्या पिष्टमय पदार्थांचे होते तेव्हा लेप्टिन २८ टक्क्यांनी आणि शरीराचा दैनंदिन खर्च ७ टक्क्यांनी वाढला. जादा अन्न चरबीचे होते तेव्हा तशी वाढ दिसली नाही. आता पाहा, आवक ४० टक्क्यांनी वाढली आणि खर्च ७ टक्क्यांनी. असा संसार शिल्लक टाकील की कर्ज काढील? आणि आपल्या मोकळ्या दिवसाचे पदार्थ बहुतेक तेलातलेच असतात.

दुसरा एक प्रयोग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात ५१ लठ्ठ पुरुषांवर तो झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने सलग १६ आठवडे कमी खाल्ले. दुसऱ्याने दोन आठवडे पथ्य, दोन आठवडे विश्रांती अशा पद्धतीने पथ्याचे तेच १६ आठवडे पूर्ण केले. सलग पथ्य करणाऱ्यांचे वजन सरासरी ९ किलोने, तर विश्रांती घेणाऱ्यांचे १४ किलोने घटले. म्हणजे विश्रांती उपयोगी पडते. पण त्या विश्रांतीत ‘वाटेल ते खा’ अशी मुभा नव्हती. वजन वाढणार नाही आणि घटणारही नाही, इतके मोजून अन्न दिले जात होते.

अमेरिकेत वजन घटवून ते टिकवणाऱ्यांची एक मोठी नोंदवही ठेवली जाते. तिच्या आधारे २००४ साली दिसून आले की आठवड्याचे सातही दिवस साधारण सारखे खाणाऱ्यांना पुढच्या वर्षी वजन टिकवणे अधिक जमले. आठवडाभर कडक आणि सुट्टीला सैल राहणाऱ्यांना ते तितके जमले नाही.

सोमवारचा काटा का घाबरवतो?

रविवारी खाऊन सोमवारी वजन केले की काटा एक-दोन किलो पुढे दिसतो. लोक खचतात आणि ‘आता मोडलेच आहे तर’ म्हणून पथ्यच सोडतात. ही वाढ बहुतेक पाण्याची असते. भात, पाव, साखर यांचा जादा साठा शरीर यकृतात आणि स्नायूंत करते आणि त्याच्या दर ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. मीठही पाणी धरते. दोन-तीन दिवसांत ते उतरते. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी करावे.

राजा प्रसेनजिताचे ताट

अति खाण्याचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही होता. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलनरेश प्रसेनजिताची हकीकत येते. राजा द्रोणभर तांदळाचा भात जेवायचा. असाच एकदा जेवून, धापा टाकत तो भगवंतांच्या भेटीला आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, उपाशी राहायलाही सांगितले नाही. एका गाथेतून एवढेच सांगितले की जो सजग राहून जेवणाचे प्रमाण ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि म्हातारपण हळू येते. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसलो की ती म्हणण्यासाठी रोज शंभर कहापण ठरवून दिले. हळूहळू राजाचे जेवण नाळीभर तांदळावर आले आणि शरीर हलके झाले.

यात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. आठवण रोजच्या जेवणाला होती. प्रमाण एकदम न घटवता हळूहळू घटवले. आणि राजाला एकट्याला जमणार नव्हते, म्हणून जवळच्या माणसाची मदत घेतली. आपल्या घरात हे काम शाळेत जाणारी मुलगीही करू शकते, आणि तिला कहापण द्यावे लागत नाहीत.

सहा दिवस उपासमार आणि सातव्या दिवशी चंगळ, ही दोन टोके आहेत. मध्यम मार्ग हा आपल्याला नवा शब्द नाही. तो ताटालाही लागू करावा.

रविवारच्या जेवणाला ‘चीट’ का म्हणावे?

आपल्या आजी-आजोबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढले आहेत. त्यांच्या घरी आठवड्याला मटण शिजणे ही कष्टाने मिळवलेली गोष्ट होती. त्या जेवणाला ‘फसवणूक’ म्हणणे आम्हाला पटत नाही. मटणात, मासळीत, अंड्यात प्रथिने असतात, त्यांनी पोट लवकर भरते. वजन वाढवतात ते तेल, साखर, फरसाण, थंड पेय आणि दुसऱ्यांदा वाढलेला भात. अन्नाला पाप ठरवले की माणूस चोरून खातो, आणि चोरून खाणारा प्रमाण ठेवत नाही.

दारूबद्दल स्पष्ट लिहितो. काही तरुण ‘चीट डे’च्या नावाखाली बाटलीही धरतात. ६० मिलिलिटर दारूत सुमारे १४० कॅलरी असतात, वर चकण्याच्या वेगळ्या. वजनाचे राहू द्या, पाचव्या शीलाला रविवारची सुट्टी नसते.

असे करून पाहा

१. मोकळा दिवस न ठेवता एक मोकळे जेवण ठेवा, शक्यतो दुपारचे. त्या आठवड्यात १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, लग्न किंवा नामकरण आले, तर तेच त्या आठवड्याचे मोकळे जेवण समजा.

२. त्या दिवशी सकाळचा नाश्ता चुकवू नका. उपाशी बसलेला माणूस दुप्पट जेवतो.

३. मटणाची पांढरी चरबी काढून टाका. रस्सा निवला की वरचा तवंग चमच्याने काढा. भाकरी आणि भात दोन्ही पोटभर नकोत, एकच निवडा. आधी कांदा, काकडी, पालेभाजी खा.

४. कल्याणला राहून खिडकी वडा खायचाच नाही असे आम्ही म्हणणार नाही. एक खा, उभ्याने घाईत न खाता चावून खा, आणि तो त्या आठवड्याच्या हिशेबात धरा.

५. थंड पेयाऐवजी ताक किंवा साखर न घातलेले लिंबूपाणी घ्या. रक्तदाब असेल तर त्यात मीठ नको, सुकट-बोंबीलही कमी.

६. संध्याकाळी सगळ्यांनी अर्धा तास चाला. काळा तलाव जवळ असेल तर तिथे फेऱ्या मारा. कोळसेवाडीतून स्टेशनला जाताना एक वेळ रिक्षा सोडून द्या.

७. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेलेही संपवते. तिचे वजन तिथे वाढते. मोजून शिजवा, सगळे एकत्र जेवा, उरले तर झाकून ठेवा. एकाचे पथ्य म्हणून तिला दोन स्वयंपाक करायला लावू नका.

हे मात्र डॉक्टरांना विचारूनच

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर जेवण चुकवल्याने साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. मोकळ्या जेवणाने तीच साखर वर जाते. अशांनी दोन्ही टोके टाळावीत. मोकळ्या दिवशी खाताना हात थांबतच नसेल, नंतर लाज वाटून उलटी काढावीशी वाटत असेल, तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते, आणि कल्याण पश्चिमेला महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय आहे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चार शुक्रवार वजन आणि पोटाचा घेर लिहा. मोकळे जेवण ज्या दिवशी झाले त्या तारखेला खूण करा. आठवड्यात दोन खुणा दिसल्या आणि काटा हलला नाही, तर कारण तिथेच सापडेल. एकच खूण असेल आणि महिन्याला अर्धा-एक किलो उतरत असेल, तर आहे तसेच चालू ठेवा. रविवारचे मटण सोडायची गरज नाही.