क्लास निवडताना ‘ळ’ची कळ शोधा

बीएच्या शेवटच्या वर्षात आपल्या मंडळात कवितेइतकीच चर्चा होते ती ‘कम्प्युटरचं सर्टिफिकेट कुठून करू?’ या प्रश्नाची. मी कॅथलिक, पण पत्ता सांगताना मीही ‘बडा गणपतीजवळ’ असंच म्हणते, आणि क्लास शोधणारी अर्धी मंडळी तिथेच फिरत असतात. पाटीवर सगळी नावं एकाच आकाराच्या अक्षरांत असतात: डीसीए, पीजीडीसीए, सीसीसी, टॅली, सीपीसीटी. घोळ इथेच होतो, कारण ही एका जातीची नावं नाहीत.

सीपीसीटी हा कोर्स नाही, परीक्षा आहे. मध्य प्रदेश सरकारतर्फे ती घेतली जाते. 75 मिनिटांत 75 प्रश्न, मग इंग्रजी टायपिंग 15 मिनिटं, हिंदी टायपिंग 15 मिनिटं. इंग्रजीत मिनिटाला 30 शब्दांचा वेग लागतो, हिंदीत 20. बारावी झालेला, 18 वर्षं पूर्ण झालेला कोणीही स्वतः फॉर्म भरू शकतो. क्लासचा दाखला लागत नाही. सीसीसीचंही तसंच, ती केंद्राच्या नाइलिटची परीक्षा. क्लास फक्त सराव करून घेतो. ‘सीपीसीटीचं सर्टिफिकेट आम्हीच देतो’ असं कोणी म्हणालं, तर चहा संपवून सरळ उठा.

डीसीएची गोष्ट वेगळी. क्लार्कच्या जागांसाठी सीपीसीटीबरोबर एक वर्षाचा मान्यताप्राप्त कम्प्युटर डिप्लोमाही मागतात, आणि ‘मान्यताप्राप्त’ हाच त्यातला महागडा शब्द आहे. भोपाळचं माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ डीसीए आणि पीजीडीसीए आपल्या अभ्यासकेंद्रांमार्फत चालवतं. म्हणून विचारायचं ते हे: मार्कशीटवर नाव कोणाचं येणार? विद्यापीठाचं म्हणाले, तर त्या विद्यापीठाच्या यादीत हे केंद्र यंदा आहे का, ते स्वतः बघा. भिंतीवरच्या फ्रेममधलं पत्र किती जुनं आहे, तेही वाचा (साहित्याच्या विद्यार्थ्यांना तारीख वाचायचा कंटाळा असतो).

मान्यतेचा प्रश्न किती खोल जातो, हे शेजारच्या छत्तीसगडने दाखवलंय. तिथल्या 2002 च्या कायद्याचा आधार घेऊन शंभराच्या आसपास खासगी विद्यापीठं उभी राहिली. काहींचा पत्ता म्हणजे एखादी खोली. प्रा. यशपाल सुप्रीम कोर्टात गेले आणि 2005 मध्ये कोर्टाने त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. विद्यापीठं गेली, विद्यार्थ्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. फी भरलेली, वर्षं दिलेली, आणि कागदावरचं नाव उडालेलं.

सरकारी आयटीआयमधला एक वर्षाचा कोपा ट्रेड आपल्यापैकी फारसं कोणी बघत नाही, का ते मला कळत नाही. पुण्या-नाशकाचे नातेवाईक ‘एमएस-सीआयटी करून टाक’ म्हणतात. 2001 पासूनचा तो कोर्स महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरीसाठी कामाचा. इथे आधी इथली जाहिरात वाचा.

आता माझा आवडता मुद्दा: की-बोर्ड. सीपीसीटीत हिंदी टायपिंगसाठी रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट निवडता येतं. अजूनही काही ठिकाणी कृतिदेववर हात बसवून देतात. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला देवनागरीचा मुखवटा. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला तुमची कविता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते, संपादकांना विचारा! परीक्षा युनिकोडमध्ये होते, म्हणून सरावही युनिकोडमध्येच हवा.

रेमिंग्टनमध्ये दिसतं त्या क्रमाने टाइप करतात, म्हणून ‘कवि’ लिहिताना वेलांटी ‘व’च्या आधी येते. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम: आधी व, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आपल्यासाठी याचा मोठा फायदा असा की तोच हात मराठीलाही चालतो. शिफ्ट धरून इंग्रजी एन दाबला की ‘ळ’ उमटतो, शिफ्ट धरून जे दाबला की ‘ऱ’. हा ‘ऱ’ नसेल तर ‘आचार्यांना’ बोलावलं की ‘आचाऱ्यांना’, ते पत्रिका वाचणाऱ्याला कळणार नाही. हिंदीच्या परीक्षेची तयारी करता करता मराठी टायपिंग फुकटात येतं, आणि या शहरात मराठी टाइप करणारे हात हवेच आहेत.

म्हणून डेमोला गेलात की सरांना ‘दुसऱ्या शाळेतला फळा’ टाइप करून दाखवायला सांगा. हसतील, पण उत्तर मिळेल.

डेमोला तुमच्या बॅचच्याच वेळी जा. सकाळी 11 ला रिकामा दिसणारा क्लास संध्याकाळी 6 ला एका मशीनवर दोघं बसवतो, आणि टायपिंग दोघांत वाटून येत नाही. घड्याळ लावून 15 मिनिटांची टेस्ट रोज होते का, हेही विचारा. एसी, गणवेश, ओळखपत्र याने वेग वाढत नाही.

फी ठरवताना क्लासची फी आणि परीक्षेची फी वेगवेगळी लिहून मागा, पावतीसकट. हप्ते पाडून देत असतील तर छानच. मूळ मार्कशीट मात्र ‘जमा’ म्हणून कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स पुरते.