कुवेत तेलावरून कळत नाही

चिपळूण-खेडकडच्या पोरांच्या हातात कुवेतचा व्हिसा पडला की ती मला गाठतात. मी तिथे ठेकेदाराच्या कंपनीतून समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांवर देखभालीची कामं केली आहेत. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: पगारातून किती वाचतं, उन्हाळा कितपत असतो, मासे मिळतात का. त्यांची उत्तरं देताना बाकीचं राहून जातं, म्हणून ते इथे एकदा लिहून टाकतो.

१. जाण्याआधी नकाशा नीट बघा. देश १७,८१८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा. त्यातही वस्ती जवळपास सगळी किनाऱ्याच्या पट्टीत, बाकी वाळू. लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात, पण त्यातले कुवेती साधारण एक तृतीयांशच. भारतीय दहा लाखांच्या आसपास, परदेशी लोकांमध्ये सगळ्यात जास्त. त्यामुळे विमानतळाबाहेर पहिला भेटणारा माणूस कुवेती असण्याची शक्यता कमी. रुग्णालयातली नर्स मल्याळी, औषधाच्या दुकानात इजिप्तचा माणूस, इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, बांगलादेशी. पोरं इथून ‘तीस दिवसांत अरबी’ घेऊन जातात. त्यांना मी सांगतो, आधी हिंदी सुधारा आणि जमलं तर चार वाक्यं मल्याळमची शिका, अरबी मागाहून येईल.

२. पाणी कुठून येतं ते समजून घ्या, म्हणजे देश समजेल. कुवेतमध्ये एकही नदी नाही. तेल निघण्याआधी शत-अल-अरब नदीचं पाणी शिडाच्या होड्यांतून आणून विकत, गावात ते पखालींतून आणि गाढवांवरून घरोघर जाई. १९५३ साली शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा सरकारी कारखाना चालू झाला आणि होड्यांचा धंदा बसला. आज पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी अशाच प्रकल्पांतून येतं. दोहा, शुऐबा, अझ-झौर, सुबिया ही ठिकाणं एकाच वेळी वीजघरं आणि पाणीघरं आहेत. टर्बाइन फिरवून आलेली वाफ समुद्राचं पाणी तापवते. ते तापलेलं खारं पाणी एकामागून एक खोल्यांतून जातं. प्रत्येक खोलीत हवेचा दाब आधीच्या खोलीपेक्षा कमी, त्यामुळे आत शिरताक्षणी थोडं पाणी भस्सकन वाफ होतं. ती वाफ वरच्या नळ्यांवर थंड होऊन थेंबाथेंबाने खालच्या पन्हाळीत उतरते. नळ्यांमधून नवं खारं पाणी येत असतं, त्याला जाताजाता ऊब मिळते. उष्णता वाया जाऊ न देण्याचा हा बंदोबस्त मला अजून सुंदर वाटतो.

यात आमच्यासारख्यांचं काम म्हणजे क्षारांशी भांडण. नळ्यांच्या आत पांढरा थर बसतो, त्याला आम्ही ‘स्केल’ म्हणायचो. तो निघावा म्हणून स्पंजचे छोटे गोळे पाण्याबरोबर नळ्यांतून सोडतात, ते आतून घासत जातात आणि पलीकडच्या जाळीत गोळा होतात. झिजलेले गोळे वेगळे काढायचे आणि नवे घालायचे. समुद्राच्या बाजूच्या जाळ्यांवर जेलीफिश येऊन चिकटल्या की तो दिवस त्यांचाच. एवढं करून जे पाणी हाती येतं ते इतकं शुद्ध की त्याला चव नसते आणि ते लोखंडाचे पाइप खाऊ लागतं. म्हणून त्यात जमिनीखालचं मचूळ पाणी थोडं मिसळून मग शहरात सोडतात. पर्यटक ज्या कुवेत टॉवर्ससमोर फोटो काढतात, १९७९ साली खुले झालेले, १८७ मीटरपर्यंत उंचीचे ते निळ्या टिकल्यांचे गोल, त्यांच्या पोटातही पाणी आहे. पाण्याच्या टाकीला राष्ट्रचिन्हाचा मान देणारा देश मी दुसरा पाहिला नाही, आणि मला तो मान अगदी रास्त वाटतो.

आणि तरीही माणशी पाण्याच्या वापरात हा देश जगात वरच्या नंबरात. पहाटे घरकामाचा माणूस नळी धरून गाडी आणि अंगण धूत असतो. टँकरची वाट बघत मोठा झालेला कोकणातला माणूस तिथे दात-ओठ खातो.

३. तेल तुम्हाला दिसणार नाही. बुरगानच्या वाळूत १९३८ साली ते लागलं, मध्ये महायुद्ध आलं, विहिरी बंद करून ठेवल्या आणि १९४६ मध्ये पहिलं जहाज भरून गेलं. अहमदीकडे रात्री ज्वाळा दिसतात तेवढंच. पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. १९५३ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य मिळायच्या आठ वर्षं आधी, त्यांनी तेलाचा पैसा गुंतवायला लंडनमध्ये मंडळ काढलं. १९७६ पासून पुढच्या पिढ्यांसाठी उत्पन्नाचा दहावा हिस्सा वेगळा काढायला सुरुवात झाली. (आपल्याकडे आंब्याचा पैसा आला की आधी स्लॅब पडतो.)

४. तुम्ही तिथे जाणारे पहिले नाही. कुवेतींची जहाजं तेलाच्या कितीतरी आधी मुंबईला येत होती. इराककडचा खजूर भरायचा, मुंबईत विकायचा, मलबारातून सागवान घ्यायचं, त्याच लाकडाची पुढची जहाजं कुवेतात बांधायची. मोती विकायलाही मुंबईच. जपानचे कल्टर्ड मोती बाजारात आल्यावर १९३०च्या दशकात तो धंदा कोसळला. त्या हवालदिल वर्षांत तेल लागलं, ही त्यांची नशीबवान वेळ. तिथलं चलनही आपलंच होतं. पुढे रुपये देऊन सोन्याची चोरटी आयात फार वाढली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला तो तेरा रुपये तेहतीस पैशांना एक या भावाने. आजचा भाव तुम्हाला पाठ असेलच, अडीचशेच्या वर. मला भेटलेले वयस्क कुवेती मुंबईचं नाव निघालं की मोहम्मद अली रोडची आठवण काढायचे. त्यांच्याशी ओळख वाढवायला हवामानापेक्षा हा विषय बरा.

५. उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. हे वाचून हसाल, पण गच्चीवरची टाकी दिवसभर तापते आणि थंड पाण्याच्या नळाला हात लावला तर पोळतो. गीझर घराच्या आत, एसीच्या गारव्यात. तो बंद असला की त्यातलं पाणी निवतं. म्हणून मे ते सप्टेंबर गरम पाण्याचा नळ थंडपणासाठी आणि थंड पाण्याचा नळ गरमासाठी, असा उलटा कारभार. २१ जुलै २०१६ ला मित्रिबाह इथे ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, ते जागतिक हवामान संघटनेने तपासून मान्य केलं आहे. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते. साइटवरचा फोरमन ‘पाचच मिनिटं’ म्हणाला तर घड्याळ दाखवा. कोरडी उष्णता सोसते, ऑगस्टमधली दमट रात्र सोसत नाही. चष्म्यावर लगेच वाफ धरते. जुने लोक सुहैल ताऱ्याची वाट बघतात, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिणेला दिसला की रात्री निवू लागतात. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. जानेवारीत मात्र स्वेटर लागतो, तो इथूनच न्या.

६. बताका सांभाळा. बताका म्हणजे सिव्हिल आयडी, तुमचं तिथलं अस्तित्व त्या कार्डावर. व्हिसाचे नंबर लक्षात ठेवा: खासगी कंपनीचा अठरा नंबर, घरकामाचा वीस नंबर. एजंट ‘वीसवर चला, तिथे बदलून देतो’ म्हणाला तर त्याच्याकडचा चहाही पिऊ नका. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिथल्या नियमांत बसत नाही, पण अनेकांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतातच. १ जुलै २०२५ पासून अठरा नंबरवाल्याला देशाबाहेर पडायला मालकाच्या संमतीचा परवाना लागतो. घरी कोणी आजारी पडलं की धावपळ होते, म्हणून कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागद फिरवणारा माणूस, याच्याशी दोन शब्द गोड बोलून असावं. बायकोला आणायचं तर पगाराची अट आहे, ती आता ८०० दिनार आहे. हे माहीत नसताना लग्नाच्या बोलणीत ‘सहा महिन्यांत घेऊन जातो’ असा शब्द देणारे मी पाहिले आहेत.

७. वाळवंटात पडलेली लोखंडी वस्तू उचलायची नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा घुसल्या, २६ फेब्रुवारी १९९१ ला देश सुटला. मधल्या काळात पेरलेले सुरुंग आणि न फुटलेले बाँब नंतर कित्येक वर्षं सापडत राहिले. पळताना इराक्यांनी सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवल्या, शेवटची विझायला ६ नोव्हेंबर उजाडला. आमच्या गावातले एक काका त्या वेळी बगदादमार्गे बसने अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीयांना आणलं. काकांना या सुटकेवर निघालेल्या सिनेमाबद्दल विचारलं की ते म्हणतात, ‘हिरो वगैरे कोणी नव्हता रे, रांग होती.’ त्यांच्या ट्रंकेत कुवेती दिनार होते, रातोरात त्यांना कोणी विचारेना. तेव्हापासून आमच्याकडचे जुने लोक महिन्याचा पैसा महिन्यालाच घरी पाठवतात.

८. दिवानियाचं बोलावणं आलं तर जा. संध्याकाळी पुरुषमंडळी जमून गप्पा मारतात ती बैठकीची खोली म्हणजे दिवानिया. धंदा, लग्नं, राजकारण सगळं तिथे चालतं. कुवेतला १९६२ ची राज्यघटना आहे, १९६३ पासून निवडून आलेली संसद होती, बायकांना मत २००५ मध्ये मिळालं. मे २०२४ मध्ये अमिरांनी संसद बरखास्त केली. तुम्ही मात्र या विषयावर तोंड उघडू नका, ऐका. बूट गालिच्याबाहेर. कॉफी बिनहँडलच्या छोट्या पेल्यात येते, उजव्या हाताने घ्यायची. पेला नुसता परत दिला तर पुन्हा भरला जातो. बास असेल तर मनगटातून दोनदा हलवून द्यायचा. रमजानात दिवसा बाहेर खाणं-पिणं कायद्याने गुन्हा आहे, पाण्याची बाटलीसुद्धा गाडीत झाकून ठेवायची.

९. खोली घेताना जिना बघा. भाडं, एसी, मेस हे नंतर. एकट्या पुरुषांना तिथे वय काहीही असो ‘बॅचलर’ म्हणतात आणि कुटुंबांच्या वस्तीत ठेवत नाहीत. मग जलीब, मंगफ, फरवानिया अशा ठिकाणी एका खोलीत चार, सहा, आठ पलंग. जून २०२४ मध्ये मंगफला कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि चाळीसच्या वर भारतीय गेले. म्हणून जिन्यात गॅसची टाकी, पुठ्ठे, जुन्या गाद्या असतील तर दहा दिनार स्वस्त असली तरी ती इमारत नको. गच्चीचं दार कुलूपबंद आहे का तेही बघून या.

१०. मासे मिळतात. पापलेटला तिथे झुबैदी म्हणतात आणि आपल्यापेक्षा त्यांनाच त्याचं जास्त कौतुक. शर्कच्या मासळीबाजारात टोपलीनिशी लिलाव होतो. तो बघायला जरूर जा, पण बोली लावू नका, टोपली गळ्यात पडेल. स्थानिक झुबैदीचा भाव ऐकून परत फिराल, मग शेजारच्या देशांतून आलेला घ्या. डोळे आणि कल्ले बघायची आपली पद्धत तिथेही चालते. आमसुलं आणि मालवणी मसाला सामानात असू दे, ओला नारळ मल्याळ्यांच्या दुकानात मिळतो.

११. सुटताना हिशेब स्वतः मांडा. २०१० च्या कामगार कायद्याप्रमाणे मासिक पगारवाल्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा पगार मिळतो, एकूण जास्तीत जास्त दीड वर्षाचा. स्वतः राजीनामा दिला आणि नोकरी तीन ते पाच वर्षांची असेल तर त्यातला निम्मा, पाच ते दहा असेल तर दोन तृतीयांश, दहाच्या पुढे पूर्ण. म्हणजे नऊ वर्षं आणि दहा महिने झालेल्या माणसाने रागाच्या भरात राजीनामा टाकू नये, दोन महिने कळ काढावी. शिल्लक रजेचे पैसे वेगळे. कागदावर ‘सर्व रक्कम मिळाली’ असं अरबीत लिहिलेलं असतं. पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय त्यावर सही करू नका.