घटक ४ : निवडीतील न्याय – निर्वासित, पुनर्वसन आणि निकष

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• ‘विस्थापित’ आणि ‘निर्वासित’ या संज्ञांतील फरक स्पष्ट करता येईल.
• वळिवडे छावणीच्या आधारे निवडीच्या निकषांची चिकित्सा करता येईल.
• निकषाच्या न्याय्यतेविषयी स्वतःचे मत सकारण मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, माढा तालुक्यातील उजनी येथे भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि त्याच पाण्याखाली गावे गेली. ‘पुनर्वसन’ हा शब्द त्यामुळे या परिसराला नवा नाही. मात्र धरणग्रस्त हा विस्थापित असतो, निर्वासित नव्हे. त्याचे गाव जाते, पण नागरिकत्व राहते. त्याला मतदान करता येते, न्यायालयात दाद मागता येते. छळाच्या किंवा युद्धाच्या भयाने देशाची सीमा ओलांडणारा निर्वासित परक्या शासनाच्या अनुमतीवर जगतो. त्याला कायमचे घर कोणत्या देशात मिळणार, हे इतरच ठरवितात. अशी निवड न्याय्य कशी करावी, हा या घटकाचा विषय आहे.

४.३ वळिवडे : एक उदाहरण

या प्रश्नाचे एक उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सायबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार केले. १९४२ मध्ये त्यांच्यापैकी अनेकांना इराणमध्ये हलविण्यात आले. त्यांतील सुमारे पाच हजार जणांना, प्रामुख्याने स्त्रिया, मुले व वृद्धांना, १९४३ पासून कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत आश्रय मिळाला.

युद्ध संपले, परंतु पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेल्याने बहुतेकांना परतण्यासारखे घर उरले नाही. १९४७ मध्ये ब्रिटनने पोलिश पुनर्वसन कायदा केला. ब्रिटिश सेनापतित्वाखाली लढलेल्या पोलिश सैनिकांना तेथे स्थायिक होण्याची वाट मिळाली आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही तेथे जाता आले. ज्यांचे असे नाते नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत जावे लागले. १९४८ मध्ये वळिवडे छावणी रिकामी झाली.

४.४ निकषांची चिकित्सा

(अ) नाते : हा निकष निराधार नाही. ज्याने आपल्या बाजूने युद्ध केले त्याचे ऋण राष्ट्रावर असते, आणि विभक्त कुटुंब एकत्र आणणे हे माणुसकीचे कार्य आहे. तरीही त्याची एक बाजू विसरता येत नाही. ज्या स्त्रीचा पती, भाऊ वा पुत्र सैन्यात पोहोचण्यापूर्वीच हद्दपारीत मृत्यू पावला, तिच्याकडे सांगण्याजोगे नातेच उरत नाही. तिची हानी सर्वाधिक, आणि नेमक्या त्या हानीमुळेच तिचा दावा दुर्बल ठरतो.

(आ) उपयुक्तता : महायुद्धोत्तर युरोपातील छावण्यांत अनेक देशांनी तरुण व धडधाकट मजुरांना पसंती दिली. वृद्ध, क्षयरोगी आणि अपंग मागे राहिले. यजमान देशाचा लाभ पाहणारी ही निवड वस्तुतः मजूरभरती असते. तिला आश्रय म्हणणे कठीण.

(इ) रांग : ‘आधी आला त्याला आधी’ हा नियम शिधावाटप दुकानात सर्वांना पटतो, कारण तेथील प्रत्येकाची गरज साधारणतः सारखी असते. रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण मागून आला तरी त्याला आधी आत नेतात. निर्वासितांची स्थिती या दुसऱ्या प्रकारची आहे.

(ई) गरज : संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक यंत्रणा आज तिसऱ्या देशाकडे नावे पाठविताना संरक्षणाची निकड, छळ सोसलेल्या व्यक्ती, वैद्यकीय गरज, संकटग्रस्त स्त्रिया व बालके यांचा विचार करते. कुटुंबाचे एकत्रीकरण हाही त्यांतील एक निकष आहे, एकमेव नव्हे. तथापि अंतिम स्वीकार त्या त्या देशाच्या हाती असतो, आणि जगातील निर्वासितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांना दरवर्षी अशी संधी लाभते.

जागा इतक्या थोड्या असताना उत्तम निकषही पात्र माणसांना वगळतो. म्हणून न्यायाची कसोटी निवडलेल्यांच्या यादीवर संपत नाही. नकाराचे कारण संबंधितास कळते काय, त्याच्या प्रकरणाचा पुनर्विचार होतो काय, आणि मागे राहिलेल्यांच्या अन्न, शिक्षण व सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेतो, हेही पाहावे लागते. या तिन्ही प्रश्नांना उत्तर नसेल, तर गरजेवर आधारलेली निवडही अपुरीच ठरते.

४.५ सारांश

निर्वासिताला दाद मागण्याचे मार्ग थोडे असल्याने त्याच्या निवडीचे निकष अधिक काटेकोर हवेत. नाते, उपयुक्तता व रांग यांपेक्षा गरज हा निकष अधिक न्याय्य आहे. मात्र वगळलेल्यांप्रती असलेले उत्तरदायित्व स्वीकारल्यावाचून तो पूर्ण होत नाही.

४.६ स्वाध्याय

१. वळिवडे येथील निर्वासितांच्या संदर्भात ‘नाते’ या निकषाची बलस्थाने व मर्यादा लिहा. (१५० शब्द)
२. धरणग्रस्तांच्या यादीत सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्याचे नुकसान मोजणे सोपे असते. त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीनाचे नुकसान कसे मोजावे? आपल्या परिसरातील अनुभवी व्यक्तींशी बोलून सकारण मत मांडा.
३. ‘रांग म्हणजे न्याय’ या विधानाचा प्रतिवाद करा.