स्मरण कसे वाढवावे?

“आमच्या डोक्यात काही राहतच नाही,” असे पुष्कळ जण म्हणतात. लेकराविषयी हेच वारंवार बोलले गेले म्हणजे ते प्रयत्न करणेच सोडून देते. परंतु स्मरण हे बहुतांशी रीतीवर अवलंबून असते, आणि रीत शिकता येते. ती आम्ही येथे सांगतो.

ख्रि. पू. ५५ च्या सुमारास रोमन वक्ता सिसेरो याने ग्रीक कवी सिमोनिदीस याची कथा लिहून ठेविली. थेस्सली प्रांतात मेजवानी चालली असता हा कवी बाहेर गेला, इतक्यात छप्पर कोसळून आतले सर्व जण दडपून मेले. प्रेते ओळखू येईनात. तेव्हा कोण कोठे बसला होता, हे कवीने मनश्चक्षूंपुढे आणिले व एकेकाची ओळख पटविली. त्यामुळे आप्तांस आपापल्या माणसाला मूठमाती देता आली. जागा ध्यानात राहिली म्हणजे तेथील वस्तूही आठवते, हा बोध त्याने घेतला.

ही रीत अशी :

१. आपल्या घरातील ठिकाणे क्रमाने ठरवावी : अंगण, ओटा, उंबरा, माजघर, चूल.

२. जे लक्षात ठेवावयाचे त्याचे चित्र एकेका ठिकाणी मांडावे. मीठ, दोर व बियाणे आणावयाचे असल्यास अंगणात मिठाचा डोंगर, ओट्यावर वेटोळे घातलेला दोर आणि उंबऱ्यातून फुटलेले जोंधळ्याचे कोंब पाहावे. चित्र जितके विलक्षण, तितके ते टिकते.

३. मग मनानेच घरातून फेरी मारावी. दुसऱ्या दिवशी व आठवड्याने ती पुन्हा मारावी.

२०१७ साली मार्टिन ड्रेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण स्मरणाच्या लोकांकडून हा अभ्यास रोज अर्धा तास, सहा आठवडे करविला. ७२ शब्दांपैकी आरंभी सरासरी ३० हून कमी शब्द आठवत. पुढे ६० हून अधिक आठवू लागले. चार महिन्यांनंतरही पुष्कळ लाभ टिकून होता.

तथापि ह्या रीतीने क्रम व नावे राहतात. अर्थ कळत नाही. तो समजून घेण्याचे श्रम निराळे आहेत व ते चुकत नाहीत.

आईबापांनो, लेकरास मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याच्यासह घरातील पाच ठिकाणे मोजा आणि आज रात्रीच पाच शब्द तेथे ठेवून पाहा.