जुनी ऐरण: आधी पारख, मग दुरुस्ती

कोलकात्याच्या बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये तिथे खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, नाव मात्र राहिले. जवळच उत्तरेला काशीपूर. तिथे १८०१ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि १८ मार्च १८०२ रोजी उत्पादन सुरू झाले. आयुध निर्माणी दिन याच तारखेला असतो. तोफगाडा म्हणजे सुतार आणि लोहार दोघांचे काम. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची, तर भाता आणि ऐरण हवीच.

कारखान्यांतल्या जुन्या ऐरणी भंगारात निघतात. कडा फुटलेल्या, माथा मध्ये खोलगट झालेला. नवशिक्याला अशी ऐरण स्वस्तात मिळते. पण ती घरी आणून ग्राइंडरने आरशासारखी सपाट करू नका. पुष्कळ जुन्या ऐरणींचे धड मऊ लोखंडाचे असते आणि माथ्यावर कडक पोलादाचा थर जोडलेला असतो. तो थर म्हणजेच ऐरण. घासून पातळ केलात तर उरतो नुसता ठोकळा.

म्हणून आधी पारख करा. बेअरिंगची पोलादी गोळी दहा इंचांवरून माथ्यावर सोडा. सात इंच किंवा अधिक उसळली तर माथा उत्तम. एखाद्याच जागी गोळी मेल्यासारखी पडली, तर तिथे थर सुटलेला असण्याची शक्यता. खणखणीत आवाज ही खूण सांगतात, पण ओतीव धडाच्या काही चांगल्या ऐरणी वाजतच नाहीत. माझा भरवसा गोळीवर.

गंज तारेच्या ब्रशने काढा. फुटलेल्या कडा पाचेक मिलिमीटर गोल करून घ्या. तीक्ष्ण कडेवर लोखंड वाकवले की आतल्या कोपऱ्यात चीर पडते, तेव्हा गोलाईचा फायदाच आहे. घासताना हात लावता येईल इतपतच माथा तापू द्या. निळी झाक दिसली म्हणजे ती जागा सुमारे ३०० अंशांपर्यंत गेली, तिथला कडकपणा उतरला. अख्खी ऐरण भट्टीत घालणे तर सर्वस्वी वर्ज्य. थोडा खोलगटपणा राहू द्या. वाकडी पट्टी सरळ करायला तोच उपयोगी पडतो. मोठी फूट वेल्डिंगने भरायची असेल तर ते जाणत्या कारागिराकडे सोपवा. ऐरण आधी नीट तापवून घेतली नाही तर वेल्डिंगशेजारी नव्या भेगा जातात.

चष्मा आणि सुती कपडे हवेतच. थंड माथ्यावर नुसता हातोडा मारू नका. कडक पोलादावर कडक पोलाद आदळले की ढलपी उडते, ती डोळ्यातही जाऊ शकते.

शेवटी बैठक. बाभळीच्या जाड ओंडक्यावर ऐरण पट्ट्यांनी घट्ट बांधा. सरळ उभे राहून मूठ खाली सोडा; बोटांची पेरे जिथे टेकतील, तिथे माथा यावा. वर्गात उंच-ठेंगणे दोन्ही असतील तर ओंडका ठेंगण्याच्या मापाने कापा आणि उंच मुलांसाठी खाली फळी सरकवा.