मॅग्नेटची चावी हरवली तर?

प्रश्न : वडिलांची जुनी बजाज चेतक आम्ही घरीच नव्याने उभी करतो आहोत. मॅग्नेट उतरवताना क्रँकशाफ्टवरची अर्धचंद्रासारखी छोटी चावी हरवली. मेकॅनिक म्हणतो, तिच्याशिवायही चालेल. खरे का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : नाही. मॅग्नेटला घट्ट धरते ती शाफ्टच्या निमुळत्या भागाची पकड आणि नट. चावी त्याला नेमक्या जागी बसवते. जागा चुकली की ठिणगी अवेळी पडते. मग गाडी सुरूच होत नाही किंवा किक उलटी येऊन पाय दुखावतो. खिळा कापून ठोकणे तर त्याहून वाईट! त्याने खाच फाटते आणि सगळा क्रँक बदलावा लागतो.

आधी मॅग्नेटच्या आतली बाजू पाहा. चावी पोलादाची, त्यामुळे ती पुष्कळदा तिथेच चिकटलेली असते. इंजिन उघडे असेल, तर ती आत पडलेली नाही याची खात्री होईपर्यंत किक मारू नका.

नाहीच सापडली तर नवी घ्या. १९७२ साली आलेली चेतक इतकी खपली, की तिचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत आजही शोधता येतात. मॅग्नेट सोबत न्या आणि चावी खाचेत घालून पाहा. ढिली असेल तर घेऊ नका. पनवेलच्या दमट हवेत उघड्या शाफ्टला लवकर गंज चढतो, म्हणून तोवर त्याला तेलाचा हात द्या. जोडताना मात्र ते तेल पूर्ण पुसून शाफ्ट कोरडा करा.