अंड्याचे कवच

पावसाळा संपत आला होता. कोकणातील समुद्रकाठच्या एका गावात एका मुलाने सकाळी खुराड्यात हात घातला, तो त्याच्या बोटांना काहीतरी मऊ, लिबलिबीत लागले. बाहेर काढून पाहतो, तर ते अंडे होते. पण त्यावर कवचच नव्हते! कोपऱ्यात तांबडी कोंबडी पंख पसरून बसली होती. तिला पायांवर उभे राहवत नव्हते.

आजीला चिंता वाटली. अंडी विकूनच नातवाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघत असे. शेजारीण म्हणाली, "काकी, ही कोंबडी आता निकामी झाली. विकून टाका."

"नको, आजी!" नातू काकुळतीने म्हणाला. "आधी तिला गुरांच्या डॉक्टरांना दाखवू या."

डॉक्टरांनी तांबडीला हळुवारपणे तपासले व विचारले, "आजी, हिला खायला काय घालता?"

"तांदळाच्या कण्या आणि कोंडा. परसातली भाजी उकरते, म्हणून पावसाळाभर कोंडूनच ठेवली आहे."

"मग दोष तिचा नाही. आपली हाडे झिजवून तिने तुम्हांला अंडी दिली आहेत."

डॉक्टरांच्या या बोलण्याचा अर्थ काय? अंड्याचे कवच बहुतांशी चुनखडीच्याच द्रव्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, बनलेले असते. ५५ ते ६० ग्रॅम वजनाच्या अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडीच्या साऱ्या शरीरात मिळून कॅल्शियम असते ते जेमतेम २० ग्रॅम. म्हणजे एकेका अंड्यापाठी ती जवळजवळ दशांश साठा देऊन टाकते! गावठी कोंबडीचे अंडे लहान असते, म्हणून तिला थोडे कमी लागते, एवढेच.

पोटात अंड्यावर कवच चढण्यास सुमारे २० तास लागतात. त्यातील बरेचसे काम रात्री, कोंबडी झोपेत असताना चालते. तेव्हा आहारातील कॅल्शियम अपुरे पडले, तर ती आपल्या हाडांतून ते घेते. तांदळात कॅल्शियम अगदी अल्प असते. मोकळी फिरणारी कोंबडी गोगलगायी, किडे, पाला टिपून ही उणीव काही अंशी भरून काढते. कोंडलेल्या कोंबडीने ते कोठून आणावे? असे दिवसेंदिवस चालले की हाडे ठिसूळ होतात, पाय लुळे पडतात आणि कवच पातळ होते.

डॉक्टरांनी औषध दिले आणि म्हणाले, "पुढचे औषध तुमच्या किनाऱ्यावरच पडले आहे."

नातवाने किनाऱ्यावरून रिकामे शिंपले वेचून आणले. ते गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवले व ज्वारीच्या दाण्याएवढे कुटले. ही भरड दाण्यात न मिसळता वेगळ्या करवंटीत ठेवली. कारण अंडी देणारी कोंबडी आपल्या गरजेपुरती भरड स्वतःच टिपते. जाड भरड पोटात सावकाश विरघळते व रात्री कवच बनताना उपयोगी पडते. पिलांना मात्र ती देऊ नये. अधिक कॅल्शियमाने त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. पानाला लावायचा चुना तर कोणत्याच कोंबडीला घालू नये. त्याने तोंड व अन्ननलिका भाजते.

तांबडीला रोज उन्हातही सोडू लागले. कारण सूर्यप्रकाशाने शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही. उन्हाळ्याचा ताप, रोग किंवा वाढते वय यांमुळेही कवच मऊ होते. म्हणून पशुवैद्यांचा सल्ला घेणे केव्हाही बरे.

काही आठवड्यांनी तांबडी अंगणात पुन्हा चालू लागली. एके सकाळी तिने दिलेले टणक अंडे हातात घेऊन आजी म्हणाली, "बाळा, अंडी आपण रोज मोजत होतो. तिच्या पुढ्यात काय ठेवतो, ते मात्र कधी पाहिले नाही."

स्वाध्याय

१. तांबडीचे पाय लुळे का पडले?
२. शिंपल्यांची भरड दाण्यात न मिसळता वेगळी का ठेवावी?
३. 'दोष तिचा नाही,' असे डॉक्टर का म्हणाले?
४. अंड्याच्या कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात टाका. त्यावर येणारे बुडबुडे कर्बद्विप्राणिल वायूचे असतात. दुसऱ्या दिवशी कवचात काय फरक पडला, ते लिहा.